कोरडा पाईप

वसाहतीतल्या मधल्या इमारतीत फिटर राहायचा. त्याचं खरं नाव सांगायचं तर त्याच्या बायकोलाही क्षणभर आठवावं लागलं असतं. सगळे त्याला फिटर म्हणत, लहान पोरं फिटरमामा म्हणत आणि ज्यांचा नळ गळत असेल ते फिटरभाऊ म्हणत. नळ दुरुस्त झाला की दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा नुसता फिटर व्हायचा. त्याला याचं काही वाटत नसे. जगाची रीतच ती, म्हणायचा, गरज सरो नि वैद्य मरो.

माणूस बुटका, मनगटाचा जाड आणि तोंडाचा फटकळ. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर तशी त्याची कॅनव्हासची पिशवी कायम खांद्यावर असे. त्यात पाईपपाना, करवत, तागाची गुंडी आणि एक फाटका टॉवेल. कोणाच्याही मोरीत शिरला की आधी दोन शिव्या घालायचा आणि विचारायचा, "हे कोणत्या शहाण्यानं बसवलंय?" निम्म्या वेळा ते त्यानंच बसवलेलं निघायचं. मग बायका तोंडाला पदर लावून हसत आणि तो पिशवीत उगाच काहीतरी शोधत बसे.

अशी ही वसाहत एरवी चार वसाहतींसारखीच होती. पण फाटकाकडच्या इमारती फाटकवाल्यांच्या होत्या आणि मैदानाकडच्या मैदानवाल्यांच्या. धंदा दोघांचाही एकच, नशेच्या पुड्यांचा. कोणत्या कोपऱ्यावर कोणाचा पोरगा उभा राहून विकणार, यावरून सुरे निघत. फिटरची इमारत बरोबर मध्ये होती, म्हणजे कोणाचीच नव्हती, म्हणजे दोघांच्याही लाथा खायला मोकळी होती. तिच्याच जिन्यावर पाठलाग व्हायचे, तिच्याच दारात माणसं पडायची. पोलीस यायचे, पण रक्त वाळल्यावर. ते विचारायचे, "कोणी काय पाहिलं?" आणि सगळी इमारत आंधळी व्हायची. याला भित्रेपणा म्हणणारे लोक दुसरीकडे कुठेतरी चांगल्या घरांत राहतात. पहिल्या मजल्यावरच्या एका बाईनं एकदा खिडकीतून आरडाओरडा करून एका पोराला सावध केलं होतं. आठवड्याच्या आत तिचं दार पेटलं. बाई वाचली, पण ती खोली सोडून गेली ती परत आली नाही.

तेव्हापासून इमारतीनं पाईपाची रीत धरली. गच्चीवरच्या टाकीतून लोखंडाचा एक उभा पाईप निघायचा आणि प्रत्येक मजल्यावर मोऱ्यांमधून खाली तळापर्यंत उतरायचा. ज्याला काही वावगं दिसेल त्यानं आपल्या मोरीत जायचं आणि हाताला लागेल त्यानं पाईपावर ठोके द्यायचे. सावकाश एकेक ठोका म्हणजे पोलीस. धडाधड म्हणजे सुरे. लोखंड ते पार वरपर्यंत पोचवायचं. मग पोरं आत ओढली जायची, कड्या लागायच्या, जिना रिकामा व्हायचा. यातली खुबी अशी की ठोका कोणी दिला ते कोणालाच कळायचं नाही. आवाज एकाच वेळी सगळ्या घरांतून येई. गुंडांनी दारं पेटवायची तरी कोणाकोणाची? त्यातूनच पुढे दुसरी सवय लागली. घराबाहेर पाऊल टाकण्याआधी माणूस उंबऱ्यावर जरा थांबे, मोरीकडे कान देई. पाईप गप्प असला म्हणजे जिना मोकळा.

सगळ्यांत जास्त ठोके तळमजल्यावरच्या शिलाईवालीचे असत. तिचा एक पाय लहानपणापासून लुळा. मशीन खिडकीला लावलेलं, खिडकीतून दोन्हीकडच्या वाटा दिसायच्या आणि मोरी तिच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर. शिवता शिवता डोळ्यांत तेल घालून ती चौकाकडे पाहायची. कापडाची मोठी कात्री हातातच असे. त्या कात्रीच्याच पाठीनं ती पाईप ठोकायची. फिटर तिला चिडवायचा, "बाई, तुम्ही कापडं कमी आणि माझा पाईप जास्त झिजवता." ती म्हणायची, "तुमच्या धाकट्यासाठीच झिजवते हो."

हा धाकटा म्हणजे फिटरचा भाऊ. दोघांमध्ये बरंच अंतर. आईबाप गेले तेव्हा धाकटा इतका लहान होता की फिटरची बायको नवी नवरी म्हणून घरात आली आणि दुसऱ्याच दिवशी तिला त्याचं नाक पुसावं लागलं. तिला स्वतःचं मूल झालं नाही. त्याची कसर तिनं याच्यावर भरून काढली. तो तिला वहिनी म्हणायचा, पण भूक लागली, ताप आला, मार खाऊन आला की त्या वहिनीत आईच असायची. एवढं करूनही तो मोठा झाला तो वसाहतीतच. बाहेर मैदान, मैदानावर मैदानवाले. त्यांच्या म्होरक्याला सगळे मॅनेजर म्हणत, कारण तो स्वच्छ इस्त्रीचे शर्ट घालायचा आणि कधी आवाज चढवायचा नाही. मॅनेजरनं धाकट्याला आधी बूट दिले, मग फोन दिला, मग कोपरा दिला. फिटरनं त्याला पाईपपान्यानं बडवलं, बायकोनं उपास धरले. उपयोग शून्य.

मग एकदा मैदानात मॅनेजरनं एका पोराच्या गालावरून सुरा फिरवला आणि त्या पोराला धरून ठेवायचं काम धाकट्यावर आलं. त्या संध्याकाळी तो घरी आला, मोरीत बसला आणि कितीतरी वेळ हात धूत राहिला. दुसऱ्या दिवसापासून मैदानावर गेला नाही. बूट आणि फोन त्यानं एका पोराच्या हाती परत पाठवले. फिटरच्या ओळखीनं एका बेकरीत रात्रपाळीला लागला. रात्रभर भट्टीसमोर उभा राहायचा आणि दिवसा तिसऱ्या मजल्यावर दादाच्या खोलीत खाटेवर झोपायचा.

मॅनेजरनं निरोप धाडला, तोही सभ्य शब्दांत. आमच्याकडून कोणी स्वतःच्या पायांनी जात नाही.

ते धाकट्यासाठी दोनदा आले. दोन्ही वेळा शिलाईवालीची कात्री पाईपावर बसली आणि दोन्ही वेळा वहिनीनं त्याला खाटेवरून गदागदा हलवून उठवलं. "ऊठ रे, ऊठ, आले!" त्याच्या चपला ती पायात घालू द्यायची नाही, आवाज होतो म्हणून. त्या त्याच्या हातात कोंबायची आणि त्याला गच्चीच्या दाराकडे ढकलायची. गच्चीवरून शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर उडी, तिथून मागचा जिना, तिथून बेकरी. वर येणाऱ्यांना खाट गरम मिळायची, माणूस नाही. दुसऱ्या वेळी त्यांनी रागानं खाटेवरची गादी फाडली. वहिनीनं ती शिवली आणि त्यानंतर त्याच्या चपला रात्रंदिवस खाटेच्या पायथ्याशी जोडीनं ठेवायला लागली.

"त्याला इथून हलवा," ती नवऱ्याला म्हणायची. "माझ्या भावाकडे पाठवा. तिकडे दुसऱ्या शहरात कोण ओळखतंय याला?"

फिटर म्हणायचा, "पाठवू गं. इथं आपली माणसं आहेत, पाईप आहे. तिकडे परक्या ठिकाणी कोण ठोकणार आहे त्याच्यासाठी?"

खरं कारण वेगळं होतं. धाकटा सुधारला होता, घरात होता, रोज सकाळी ताज्या पावाचा वास घेऊन यायचा. ते फिटरला इतक्या वर्षांनी मिळालं होतं आणि सोडवत नव्हतं. तरी शेवटी बायकोपुढे त्यानं हात टेकले. तिच्या भावानं तिकडे एका बेकरीत जागा पाहिली. महिना संपला की धाकट्यानं निघायचं ठरलं. त्यात मॅनेजरला पोलिसांनी कुठल्याशा जुन्या भानगडीत आत घातलं आणि घरानं श्वास सोडला. सुंठीवाचून खोकला गेला, असं फिटर म्हणाला. थोडे दिवस काढायचे, एवढंच उरलं होतं.

याच दिवसांत वसाहतीच्या कार्यालयाला अचानक दया आली. मधल्या इमारतीचं पाणी कित्येक वर्षं गंजकं यायचं. भांड्यात घ्यावं तर तांबूस, कपडे धुवावे तर पिवळे. लोखंडाचा पाईप आतून कुजला होता. बायकांनी फिटरच्या नावानं बोटं मोडली होती, फिटरनं कार्यालयाच्या नावानं. आता नवे प्लास्टिकचे पाईप येऊन दारात पडले. फिटरला हुरूप आला. आपल्या इमारतीला स्वच्छ पाणी देणार कोण, तर आपण! धाकटा जायच्या आत काम उरकू, त्याच्याइतका खांदा कोणाचा नाही, असा त्यानं हिशेब केला.

दोघा भावांनी जुना पाईप तुकड्या-तुकड्यांनी कापला. धाकटा बेकरीतून येऊन तसाच कामाला लागायचा, पिठानं पांढऱ्या केसांवर गंजाची लाल धूळ बसायची आणि वहिनी म्हणायची, "काय सोंग दिसतंय." जुने तुकडे भंगारवाला घेऊन गेला. नवा पाईप चढला. पहिल्यांदा नळ सोडला तेव्हा शिलाईवालीनं पेलाभर पाणी उजेडात धरलं आणि तिचे डोळे भरून आले. सगळ्या मजल्यांवरून फिटरभाऊ, फिटरभाऊ सुरू झालं. फिटरनं त्या दिवशी कोणालाही शिवी दिली नाही.

आणि एकाच्याही मनात आलं नाही. ज्यानं पाईप बसवला त्याच्या नाही, ज्याचा जीव त्या पाईपावर होता त्याच्या नाही, जिनं कात्री झिजवली तिच्या नाही. कोणीही बाहेरचा माणूस म्हणेल, एवढी साधी गोष्ट? पण पाईप वाजतो हे त्या लोकांना आता पाईपाचं काम वाटतच नव्हतं. पाणी येतं तसा तो वाजायचा. नवं पाणी आलं, तर वाजणंही आलंच, असं सगळे न बोलता धरून चालले. मॅनेजर आत होता, चौकात शांतता होती, ठोका द्यायची वेळच कोणावर आली नाही. आली असती तर कदाचित वेळेत कळलं असतं.

मॅनेजर जामिनावर सुटला ते इमारतीला कळलं नाही. तो भर दुपारी सुटला आणि घरी जाण्याआधी मधल्या इमारतीकडे आला, बरोबर तीन पोरं घेऊन.

फिटर गावात एका वसतिगृहाच्या कामावर होता. धाकटा झोपून उठला होता, चहा झाला होता. प्रवासासाठी म्हणून त्यानं दोन शर्ट शिलाईवालीकडे उसवायला दिले होते, बेकरीच्या कामानं खांदे रुंद झाले होते म्हणून. वहिनी भाकरीचं पीठ मळत होती. ती म्हणाली, "जा, शर्ट झाले का बघून ये. बाई काम रेंगाळत ठेवते." तो उठला. चपला पायात सरकवल्या. उंबऱ्यावर थांबला, रोज थांबायचा तसा, मोरीकडे कान दिला. वहिनीनंही हात थांबवून कान दिला. पाईप गप्प होता.

"आलोच," म्हणाला आणि जिना उतरायला लागला.

त्याच वेळी तळमजल्यावर शिलाईवाली खुर्चीतून मोरीत पडल्यासारखी झुकून कात्रीनं पाईप बडवत होती. पहिल्या ठोक्याला नुसतं टप् झालं. तिला वाटलं, नीट लागला नाही. पुन्हा मारला. टप्. मग ती अंगातल्या सगळ्या ताकदीनं मारत सुटली. प्लास्टिकनं तो आवाज गिळून टाकला. वरच्या मजल्यावरच्या बाईला तोही ऐकू गेला नाही, तिसऱ्या मजल्याची गोष्टच सोडा.

पहिल्या मजल्याच्या वळणावर त्यांची गाठ पडली. फार वेळ लागला नाही. मॅनेजरनं तिथं उभं राहून रुमालानं हात पुसले आणि तो रुमाल धाकट्याच्या अंगावर टाकून चौघे आले तसे उतरून गेले. पायऱ्या शांत झाल्यावर सगळ्यांत आधी पोचली वहिनी, हाताला पीठ तसंच. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा तो तिच्याकडे पाहत होता. डॉक्टरांपर्यंत न्यायला काही उरलं नव्हतं.

पोलीस आले. कोणी काय पाहिलं? इमारत आंधळी. शिलाईवालीनंही मान हलवली.

माती झाल्यावर फिटर तिच्याकडे गेला. तिला काही विचारायला नाही, जिना चढवेना म्हणून. तो तिच्या मोरीच्या उंबऱ्यावर बसला आणि समोर पाहिलं, तर त्याच्या त्या गुळगुळीत नव्या पाईपावर ओरखडेच ओरखडे. कमरेइतक्या उंचीवर प्लास्टिक सोलून निघालं होतं, काही जागी कात्रीच्या टोकानं खड्डे पडले होते. एका चिरेतून पाणी झिरपत होतं. ते स्वच्छ होतं.

"वाजला नाही हो," शिलाईवाली म्हणाली. तिच्या उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. "मी मारत होते. भाऊ, मी मारत होते. वाजेचना."

फिटरनं ओरखड्यांवरून बोट फिरवलं.

"ओरडायला पाहिजे होतं मी. खिडकी उघडीच होती. नुसती हाक मारली असती तरी..." ती थांबली. "तोंड उघडलंच नाही माझं. मला ते पेटलेलं दार दिसायला लागलं."

तिला बोल लावायचा हक्क त्याला होता, आणि लावला असता तर त्याचं काळीज घटकाभर हलकं झालं असतं. पण तो ओरखडे पाहत होता. ते त्यानंच विकत आणल्यासारखे त्याच्या नावावर होते. त्यानं पिशवी उघडली, चीर कापून काढली, नवा तुकडा बसवला आणि उठला. जाताना तिनं दोन शर्ट त्याच्या हातात दिले, उसवून, शिवून, इस्त्री केलेले.

घरात बोलणं थांबलं. बायकोला वाटे, मी त्याला खाली पाठवलं हे याच्या मनात आहे. त्याला वाटे, मी पाईप बदलला हे हिच्या मनात आहे. आणि खरंच, दोघांच्याही मनात तेच होतं, फक्त ज्यानं-त्यानं स्वतःला धरलं होतं. ते एकमेकांना सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण सांगायचं कसं हे दोघांनाही येत नव्हतं. ती ताट वाढायची, तो जेवायचा. खाट तशीच होती. पायथ्याशी चपला पुन्हा जोडीनं ठेवलेल्या होत्या, त्या दिवशी त्याच्या पायातून निघालेल्याच, धुऊन.

एके सकाळी फिटर भंगारवाल्याकडे गेला. आपल्या पाईपाचे काही तुकडे त्याला ढिगात सापडले, काही वितळायला गेले होते. उरलेले त्यानं इकडून-तिकडून गोळा केले, सगळे लोखंडाचे. मग एकट्यानंच ते वर चढवायला घेतले. प्रत्येक मोरीत, नव्या पाईपाच्या शेजारी, गच्चीपासून तळापर्यंत. खांदा द्यायला कोणी नव्हतं, त्यामुळे काम रेंगाळलं. बायका दारातून पाहत राहायच्या. कोणी विचारलं नाही. फक्त कार्यालयातला साहेब फिरत आला तेव्हा म्हणाला, "अहो, हा टाकीला जोडलाच नाही तुम्ही. यातून पाणी कसं येणार?"

"येणार नाही," फिटर म्हणाला.

"मग उपयोग काय?"

"कोरडा असला की जास्त वाजतो, साहेब."

साहेबाला तो डोक्यावर परिणाम झालेला वाटला. साहेब पुढे निघून गेला.

शेवटचा सांधा तळमजल्यावर होता. दुपार झाली होती. फिटरनं तो आवळला, टॉवेलनं हात पुसले आणि शिलाईवालीकडे कात्री मागितली. तिनं दिली. सगळ्यांना आधी सांगून ठेवायला हवं होतं, पण तेवढं भान त्याला राहिलं नाही. त्यानं कात्री उलटी धरली आणि पाईपावर धडाधड ठोके दिले.

इमारत हादरली. आवाज लोखंडातून सरसरत वर गेला आणि एकदम सगळ्या मजल्यांवर दारं आपटली. कोणाचं तरी मूल रडायला लागलं, कोणीतरी "आत ये, आत ये" म्हणून किंचाळलं, कड्या पडल्या. मग पार शांत. शिलाईवालीनं तोंडावर हात ठेवला होता.

फिटर जिन्यानं वर निघाला. प्रत्येक दारावर टकटक करून सांगत गेला, "काही नाही हो, मीच होतो. वाजतो का पाहत होतो." पहिल्या मजल्याचं वळण त्यानं भिंतीला हात लावून ओलांडलं. लोक दार किलकिलं करून त्याच्याकडे पाहत आणि पुन्हा लावून घेत.

तिसऱ्या मजल्यावर त्याच्या घराचं दार मात्र उघडं होतं. गच्चीकडे जाणारं दारही सताड उघडं होतं, त्यातून ऊन आत आलं होतं. बायको खाटेवर वाकलेली होती. तिचा एक हात गुंडाळून ठेवलेल्या गादीवर होता आणि तो ती हलवत होती. दुसऱ्या हातात धाकट्याच्या चपला होत्या.

पावलांच्या आवाजानं ती थांबली. सरळ उभी राहिली, हातातल्या चपलांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलली.

"ऐकू आला हो," ती म्हणाली. "झोपलेला माणूस उठेल, इतका ऐकू आला."